कोणाचं मूळ कोणी सांगू नये

श्रावण,

मागच्या आठवड्यात कॉलेजात तुझी शोकसभा झाली. शेवटचा तास संपल्यावर, मोठ्या हॉलमध्ये, कोणाचं शिकवणं बुडणार नाही अशा बेतानं ठेवलेली. शांतावहिनींनी दिलेला तुझा फोटो टेबलावर होता, त्याला झेंडूचा हार होता. सहा जण बोलले. आधी प्राचार्य. "मेश्राम सर म्हणजे त्यांच्या समाजातून परदेशात जाऊन शिकवून आलेले आपल्या भागातले पहिले प्राध्यापक," असं ते म्हणाले, आणि पुढच्या पाचही जणांनी तेच वाक्य थोडंफार फिरवून म्हटलं. त्यांच्या समाजातून, त्यांच्या समाजासाठी, त्यांच्या समाजाचं नाव. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या देखत त्यांच्या नवऱ्याची जात सहा वेळा सांगितली गेली. आफ्रिकेतल्या असांते लोकांचा इतिहास तू दहा वर्षं खपून मराठीत लिहिलास, त्यांचं राज्य, त्यांचा समाज, त्यांची शेती आणि व्यापार, साडेपाचशे फुलस्केप पानं. त्या पुस्तकाचा एकानंही उल्लेख केला नाही. सहापैकी चौघांना ते पुस्तक चांगलं माहीत होतं.

आणि सातवा मी. "एकोडीचे मोरेश्वर गुरुजी सरांचे बालमित्र आहेत, ते दोन शब्द बोलतील," असं जाहीर झालं. मी उठलो आणि म्हणालो, श्रावण फार मनमिळाऊ होता. मनमिळाऊ! तुझ्याशी अर्धा तास बोललेला माणूस चिडून उठायचा. मी स्वतः कितीदा उठलो असेन. तुझ्याबद्दल इतकं खोटं आजवर कोणी बोललं नसेल, आणि ते बोलायला त्यांना तुझा मित्रच सापडला.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. सभेत जे बोललो नाही ते आता तुलाच सांगतो.

आपण दोघं एकोडीचे. माझं घर कुणब्यांच्या आळीत, मागच्या दारापर्यंत धानाच्या बांध्या. तुझं घर तलावाच्या पाळीपलीकडच्या टोलीत, गावानं वेगळ्या ठेवलेल्या वस्तीत. साकोलीच्या शाळेत पायी जायचो तेव्हा पाळीवर एकमेकांची वाट पाहायचो. छप्पन साली तुझ्या वडिलांनी घरातले देव तलावात सोडले, आणि त्यानंतर गावानं त्यांना दोन वर्षं धानाच्या रोवणीच्या कामाला बोलावलं नाही. तू शिष्यवृत्तीवर नागपूरला शिकलास, इतिहासात एम. ए. झालास. मी गावाजवळच मास्तर झालो. मग एक दिवस तू पेपरातली जाहिरात पाहून घाना नावाच्या देशात हायस्कूलचा मास्तर म्हणून निघून गेलास. तो देश कुठं आहे ते मी वर्गातल्या नकाशावर पोरांच्या आधी स्वतः शोधलं होतं.

सहा वर्षांनी परत आलास. त्या परतीच्या दिवसाची गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की ती एसटी आता मीही पाहिल्यासारखी वाटते. नागपूरहून भंडाऱ्याला येत होतास. शेजारच्या सीटवर एक सज्जन गृहस्थ. त्यांनी तुला शेंगदाणे दिले, तू परदेशातून आलास म्हणून कौतुक केलं. मग नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. तू एकोडी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एकोडीत कोणत्या बाजूले?"

"मोरू," तू म्हणायचास, "सहा वर्षं मी फक्त इंडियाचा होतो. तेथी मले कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. अन् इथं मौदा यायच्या आधी माह्या घराचा पत्ता निघाला. मी सांगतल्यावर तो माणूस खिडकीतून बाहेर पाहून राहिला होता, पाक भंडारा येईपर्यंत."

तिथं तुला दुसरा प्रश्न का विचारला नाही, ते तू पुढं शोधून काढलंस. तुझं पुस्तक तिथूनच सुरू झालं. तिथल्या असांते लोकांचा राजांच्या काळापासूनचा एक दंडक आहे: कोणाचं मूळ कोणी सांगू नये. अमका बाहेरून आला, अमक्याची आजी लढाईत धरून आणलेली होती, हे चारचौघांत बोलायचं नाही. बोलणाऱ्याला पूर्वी शिक्षा व्हायची. तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, असा कायदा आपल्याकडं केला तर अर्धं गाव मुकं होईल. तू हसला नाहीस.

माझ्या बापाला मात्र तुझे ते लोक फार आवडले. आठवते ती दुपार? रोवणी आटोपली होती, बाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. त्यांनी विचारलं, "तेथी काय पिकते गा?" तू कोको सांगितलास. त्याची शेंग, ती फोडून बिया केळीच्या पानाखाली कशा आंबवतात, वाळवतात. मग गोऱ्या कंपन्यांनी एकी करून भाव पाडला तेव्हा त्या शेतकऱ्यांनी काय केलं ते सांगितलंस. त्यांनी कोको विकणंच बंद केलं. महिनोन्‌महिने. कंपन्यांचं कापड आणि सामानही घेईनात.

"अन् राजे?" बाबांनी विचारलं. "राजे कोणाइकडून होते?"

"लोकायइकडून, काकाजी. नाही राहिले तं लोकं उतरवते त्यायले. तेथी राजाले गादीवर बसवताना लोकंच बजावते, की तू आमाले शिव्या देजो नोको, आमचं आयकजो, आमाले 'टाइम नाही' म्हणजो नोको."

बाबा खूश झाले. "आपल्या तहसीलदाराले असं बजावाले पायजे." मग जरा थांबून हळूच विचारलं, "त्यायच्यात जाती असते का?"

"जात नाही. कुळं असते, आईकडून चालणारी. मामाचं भाच्याले जाते, बापाचं पोराले नाही. अन् आपल्या कुळात लगन चालत नाही."

"म्हणजे बाहेरच करा लागते?"

"बाहेरच करा लागते, काकाजी."

बाबा एकदम हसत सुटले. "बाहेरच करा लागते म्हणते!" असं माझ्या आईला आत ओरडून सांगितलं. तूही हसलास. मला तेव्हा अभिमान वाटला होता, श्रावण. माझा बाप तुझ्याशी दोन तास बोलला, आमच्या ओट्यावर, सगळ्या आळीच्या देखत. हे ओट्यावरचं सुख मी कितीतरी वर्षं मिरवलं.

तुझ्या लिहिण्याच्या त्या वर्षांत मी दर पंधरवड्याला भंडाऱ्याला यायचो. सकाळी कॉलेजला जाण्याआधी तू चार पानं लिहायचास, आणि रविवारी ती मला वाचून दाखवायचास. तिथून आणलेली पितळी वजनं तुझ्या टेबलावर होती, बोटाच्या पेराएवढी. असांते लोक त्यांनी सोन्याची पूड तोलायचे. एक वजन मासळीसारखं, एक खुर्चीसारखं, एकात दोन मगरी एकाच पोटाला जोडलेल्या. एकदा आपण ती मगरींची जोडी घेऊन बाजारात ओळखीच्या पितळेच्या कारागिराकडं गेलो. त्यानं ती उजेडात फिरवून पाहिली, नखानं खरवडली. "मेणाचं काम आहे," तो म्हणाला. "आधी मेणाची केली, वरून माती थापली, मेण वितळवून पितळ ओतलं. साचा एकदाच वापरता येते. कोणं केलं हे?" तू सांगितलंस. "कारीगर माणूस आहे," तो म्हणाला आणि दुकानातल्या दुसऱ्यांना बोलावून दाखवायला लागला. त्यानं विचारलं नाही की भंडाऱ्याच्या माणसाला आफ्रिकेशी काय करायचं आहे. हा प्रश्न फक्त शिकलेल्यांना पडला.

आणि त्यांना तो पडला म्हणजे कसा पडला! भंडाऱ्यात इतिहासाच्या प्राध्यापकांचं संमेलन भरलं होतं. तुला निबंध वाचायला वीस मिनिटं दिली. मीही आलो होतो, मागच्या दारापाशी खुर्ची मिळाली. असांतेंचा राजा गादीवर बसतो तेव्हा राजमातेचा शब्द कसा लागतो, लोक काय बोलतात, आणि इंग्रजांनी त्यांच्या राजाला दूरच्या बेटावर नेऊन ठेवल्यावर त्यांची सोन्याची पवित्र चौकी बसायला मागितली तेव्हा एका राजमातेनं कशी लढाई उभी केली, ते तू वाचलंस. माझ्या शेजारचा एक तरुण प्राध्यापक पेन खाली ठेवून ऐकत होता. तू संपवलंस. बाहेरगावाहून आलेले अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले.

"मेश्राम, एक विचारू? आपलं मूळ कुठलं?"

"एकोडी, सर. साकोली तालुका."

"तसं नव्हे हो." ते सभेकडं पाहून हसले. सभाही हसली. "म्हणजे मला असं म्हणायचंय की आपल्या लोकांचा इतिहास अजून लिहायचा पडलाय. तो सोडून ही अशांती कशाला ओढवून घेतलीत?"

हॉल खदखदला. तू सुरुवातीलाच दोनदा सांगितलं होतंस, नाव 'असांते' आहे, इंग्रजांनी ते बिघडवून 'अशांती' केलं. तू हशा थांबेपर्यंत उभा राहिलास.

"सर, आपला प्रबंध कशावर आहे?"

"फ्रेंच राज्यक्रांतीवर."

"आपलं मूळ पॅरिसचं का?"

मग अध्यक्षांनी टेबलावरची घंटी वाजवली, वेळ संपली म्हणाले. तू कागद गोळा केलेस आणि खाली उतरलास. एकानंही टाळी वाजवली नाही. मी मागच्या दारापाशी होतो, दोन्ही हात मोकळे होते, आणि मीही वाजवली नाही. नंतर चहाच्या वेळी सगळे एकमेकांना सांगत होते, उर्मट माणूस आहे. पोराबाळांचा बाप असलेल्या प्राध्यापकाला भरसभेत जात विचारणारा उर्मट नव्हता. त्याला नारळ आणि शाल मिळाली.

फ्रान्सच्या राणीचा गळा कसा कापला हे मराठी मुलांना पाठ असतं. इंग्लंडच्या आठ-आठ राजांची नावं मी स्वतः पोरांकडून घोकून घेतली आहेत, छडी हातात घेऊन. त्यातल्या कोणत्या राजाचा एकोडीशी संबंध होता? कोणी विचारत नाही. पण ज्याची टोली तलावापलीकडं त्यानं तलावापलीकडचंच लिहावं. तिथं सुद्धा त्याचं दुःख लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला हळहळता येतं. त्यानं दुसऱ्या कोणाचं राज्य, दुसऱ्या कोणाचा व्यापार, कायदे, लढाया समजून घेतल्या आणि समजावून सांगायला लागला की यांची खुर्ची हलते.

पुढं तू हस्तलिखित एका मंडळाकडं पाठवलंस. पुस्तकं छापायला मदत करणारं मंडळ, नाव घेत नाही, घेऊन काय होणार. वर्ष उलटून गेल्यावर ते परत आलं. सोबत दोन परीक्षकांची मतं. पहिल्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या, या विषयाचा मराठी वाचकाशी संबंध नाही. दुसऱ्यानं पुस्तक खरंच वाचलं होतं, आणि वाचून त्यानं जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट. तुझ्या अकराव्या प्रकरणातली वाक्यं काढून त्यानं लिहिलं की ज्या समाजाचं लेखक कौतुक करतो तो समाजच माणसं विकणारा होता असं लेखकच कबूल करतो, तेव्हा या ग्रंथातून नेमका काय बोध घ्यायचा?

अकरावं प्रकरण गुलामांचं. असांते राजांनी लढायांत धरलेली माणसं किनाऱ्यावरच्या गोऱ्यांच्या किल्ल्यांत विकली, बदल्यात बंदुका घेतल्या. काही माणसं घरी ठेवली, सोन्याच्या खाणीत आणि शेतावर राबवली. त्यांच्या पोरांना आपल्या कुळाचं नाव दिलं. हे तू काहीही न झाकता लिहिलं होतंस.

मी ती दोन्ही मतं वाचली आणि तुला म्हणालो, "श्रावण, हे प्रकरण काढून टाक. बाकीचं पुस्तक तरी वाचेल. आपणच त्यायच्या हातात काठी कायले द्यायची?"

तू माझ्याकडं असं पाहिलंस की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

"तुले माहीत आहे का ते प्रकरण मी कोणामुळं लिहिलं?" तू विचारलंस. आणि मग नानाची गोष्ट सांगितलीस. दहा वर्षांत पहिल्यांदा.

तिथं तू ज्या बाईच्या घरी भाड्यानं राहायचास, ती कोकोची मोठी शेतकरीण होती, तिच्या कुळाची कर्ती. घरात एक म्हातारा होता. तिथंही म्हाताऱ्याला नानाच म्हणतात. घरची सगळी पोरं त्याच्या अंगावर खेळायची. अर्धी कोकोची बाग त्यानं लावलेली. पण कुळाची बैठक बसली की तो दारापाशी बसायचा आणि त्याला कोणी काही विचारायचं नाही. तू एकदा घरमालकिणीला विचारलंस, नाना का बोलत नाही? तिनं ओठावर बोट ठेवलं. हे विचारायचं नसतं, म्हणाली. तेव्हा तुझ्या लक्षात आलं, नाना धरून आणलेल्या गुलामांच्या पोटचा.

"मोरू, मले ज्या कायद्यानं सहा वर्षं सुखानं जगू देल्लं, त्याच कायद्यानं त्या म्हाताऱ्याचं तोंड बांधलं होतं. मूळ कोणी सांगत नव्हतं. पण माहीत सगळ्यायले होतं. त्याले दाराजवळ बसाले कोणी सांगतलं नव्हतं, तो आपला आपण बसे. हे मी लिवू नोको म्हणतोस? मंग मी अन् त्या घंटीवाल्या अध्यक्षात फरक काय रायला?"

"पण लोकं तुझ्याच पुस्तकानं तुले मारून राहिले," मी म्हणालो. "जरा शहाणपणानं घे. मी तुझ्या भल्याचं बोलतो."

मग तू ते बोललास. अगदी हळू आवाजात बोललास म्हणून ते जास्त लागलं.

"तुमच्या ओट्यावर मी वीस वर्षं बसलो. काकाजी माझ्याशी हासले, बोलले. कोणी मले काही म्हटलं नाही. आतमंदी ये, असंही कोणी म्हटलं नाही. तू पण नाही. म्हणत नाही म्हणजे विसरले, असं असते का, मोरू?"

मी उठलो आणि चपला घालून बस स्टँडवर आलो. तू थांबवलं नाहीस. मला वाटलं तू कृतघ्न आहेस. होय, हाच शब्द मनात आला होता, तो तुझ्यापासून आता कशाला लपवू? तुला आम्ही ओट्यावर बसवलं, बापानं तुझ्यासाठी खास चहा ठेवायला लावला, आणि तू त्याचं हे केलंस. साकोलीपर्यंत मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो. एकही उत्तर घरापर्यंत टिकलं नाही. घरी आलो, ओटा ओलांडला, आत गेलो, आणि जेवायला बसताना ध्यानात आलं की माझ्या घराची ही खोली तू कधीच पाहिलेली नाहीस. सत्तेचाळीस वर्षांच्या दोस्तीत एकदाही नाही.

तेव्हाच यायला हवं होतं तुझ्याकडं. दुसऱ्याच दिवशी, पहिल्या बसनं. त्याऐवजी मी दीड वर्ष रागावून बसलो. लग्नांत भेटलो, पीकपाण्याचं बोललो. मंडळाची मतं आल्यावर तू हस्तलिखित पुन्हा कुठंच पाठवलं नाहीस, हे मला ऐकून माहीत होतं. मी विचारलं नाही. आणि मग शांतावहिनींच्या पुतण्यानं एकोडीला येऊन सांगितलं की तू गेलास.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, हस्तलिखित द्या, मी स्वतः नागपूरला घेऊन जातो, छापणाऱ्यांच्या दारात बसतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते आता माह्यापाशी नाही. त्यायनच सांगून ठेवलं होतं, माह्यामागं भाचीले द्या म्हणून. पोराले नाही म्हणे, भाचीले. वैशाली घेऊन गेली बपेऱ्याले."

तुझ्या बहिणीची वैशाली बपेऱ्याच्या शाळेत मास्तरीण आहे, हे मला ठाऊक होतं. तुमसरहून दुपारची एसटी धरून गेलो. पलीकडं मध्य प्रदेश दिसतो, इतकं टोकाचं गाव. ती शाळेतून आली होती, पोरांच्या वह्या तपासत बसली होती. तुझे सहा गठ्ठे तिच्या कपाटात, प्रत्येकाला जुन्या लुगड्याची दोरी. मी आलो कशाला ते सांगितलं.

"नाही देत," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"गुरुजी, तुमाले काहून देऊ? अकरावं प्रकरण काढून टाक, असं तुमीच म्हणत होते ना? मामानं मले सगळं सांगतलं होतं. तुमी नेसान नागपूरले, तेथचा कोणी म्हणन जरा कमी करा, अन् तुमी कमी करसान."

श्रावण, मला राग आला. माझ्या पोरीच्या वयाची ती. तोंडात शब्द आला होता, मी त्याचा बालमित्र होतो, असा. पण शोकसभेत हाच शब्द लावून मला उठवलं होतं आणि मी काय बोललो होतो ते माझं मलाच आठवलं. मी खाली मान घालून म्हणालो, "माझं चुकलं. तो बरोबर होता. हे त्याले सांगाचं राहिलं."

तिनं हातातली वही मिटली. मग उठून चहा ठेवायला गेली. आतूनच म्हणाली, "न्याचं नाही. येथी बसून नक्कल करा. मी शाळेतून आली का रोज तपासीन. मंग ती नक्कल न्या, कोठी न्याची तेथी."

सुट्टी टाकून मी बपेऱ्याला राहिलो आहे. तिच्या घरच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर. सकाळी ती शाळेत गेली की लिहायला बसतो. तुझं अक्षर सुरुवातीला सरळ आणि पुढं पुढं घाईचं होत जातं. कुठं कुठं समासात तू स्वतःशीच भांडलेला दिसतोस. पहिल्या प्रकरणापासून सुरू करतो, असं मी म्हटलं होतं, पण वैशालीनं पहिला गठ्ठा दिला तो अकराव्याचाच.

हे प्रकरण मी आधी कधी धड वाचलंच नव्हतं. काढून टाक म्हणालो ते परीक्षकाच्या मतावरून. आता अक्षर अक्षर लिहिताना कळतंय की तू कोणालाच सोडलं नाहीस, ना किल्ल्यातल्या गोऱ्यांना, ना राजाला, ना त्या चांगल्या स्वभावाच्या घरमालकिणीला. आणि तरी त्यात कुठंही असं नाही की हे लोक वाईट. तू त्यांना माणसांसारखं वागवलंस. राज्य चालवणारी, नफा पाहणारी, कायदे करणारी आणि लाजेपोटी गप्प बसणारी. मराठीत कोणी कोणाबद्दल असं लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. आणि हे वाचायची लायकी मराठी वाचकात नाही असं त्या मंडळानं परस्पर ठरवून टाकलं!

काल संध्याकाळी वैशालीनं पहिली बारा पानं तपासली. एक बोट तुझ्या कागदावर, एक माझ्या. सातव्या पानावर ती थांबली.

"गुरुजी, मामानं येथी 'गुलाम' लिवलं आहे."

"हो."

"तुमी 'घरचा चाकर' लिवलं."

मी कागद ओढून घेतला, चष्मा पुसून पाहिलं. तुझ्या पानावर स्पष्ट शब्द होता, शाईसुद्धा फुटलेली नव्हती. नानाबद्दलचंच वाक्य होतं ते. मी कधी बदललं ते मला कळलंही नाही, श्रावण. मुद्दाम केलं नाही, शपथेवर सांगतो, आणि तेच जास्त भयंकर आहे. हात आपला आपणच तिकडं वळला.

तिनं लाल पेन माझ्यापुढं ठेवलं, पोरांच्या वह्यांचं. मी माझा शब्द खोडला आणि वर तुझा लिहिला. मग तिनं बोट पुढच्या ओळीवर नेलं.